भिशीच्या पैशात वाघाच्या गावी

मैत्रिणींनो, लग्न झाल्यापासून तुम्ही घराबाहेर किती रात्री झोपलात, हे कधी बोटांवर मोजून पाहिलंत का? माहेरपण सोडा, लग्नकार्यं सोडा, देवदर्शनाच्या यात्रा सोडा, आणि दवाखान्यात कुणाच्या उशाशी बसून काढलेल्या रात्री तर धरूच नका. मग काय उरतं? आमच्या भिशीत आम्ही सहाजणी आहोत. गेल्या दिवाळीनंतरच्या भिशीला सहज हा हिशेब निघाला, तेव्हा सहांपैकी चौघींची मूठ मिटलेलीच राहिली.

आणि गंमत अशी, की आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात वाघ पाहायला नागपूरची माणसं येतात, हैदराबादची येतात. आपण मात्र वर्तमानपत्रातला वाघाचा फोटो पाहतो आणि त्याच कागदावर भाजी निवडायला बसतो. पांढरकवडा यवतमाळहून एस.टी.ने दोनेक तासांवर. त्याच्याजवळ टिपेश्वरचं अभयारण्य आहे. १९९७ साली ते जाहीर झालं. क्षेत्र १४८.६३ चौरस किलोमीटर, म्हणजे तसं लहानच. जंगलातल्या टिपाई देवीवरून त्याला हे नाव पडलं. सागाचं रान, मधूनमधून गवताची कुरणं. वाघाखेरीज अस्वलं, सांबरं, चितळं, रोही, रानडुकरं. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा ४४ नंबरचा हमरस्ता पांढरकवड्यावरूनच जातो, त्यामुळे बाहेरच्यांना ते सोयीचं पडतं. मग आपल्यालाच का पडू नये?

तर आम्ही ठरवलं, की सहा महिने भिशी फोडायची नाही. ना स्टीलचे डबे, ना साड्या. तो पैसा वाघासाठी. घरोघरी काय काय बोललं गेलं ते सांगत बसत नाही, तुम्हाला कल्पना आहेच. आमच्याकडे 'हे' म्हणाले, "सहा बायका एका गाडीत बोलायला लागल्या तर वाघ पार तेलंगणात निघून जाईल." सासूबाई मात्र म्हणाल्या, "जा गं. आणि आल्यावर मला नीट सांग, नुसता फोटो दाखवू नको." त्यांचं वय ब्याऐंशी. त्यांच्या या एका वाक्याने घरातला प्रश्न मिटला.

आता मुख्य मुद्दा पैशांचा. अशा सहलीचा खर्च तीन वाटांनी जातो. एक जाण्यायेण्याचा, दुसरा जंगलात हिंडवणाऱ्या गाडीचा आणि तिसरा रात्रीच्या मुक्कामाचा. पहिला आपल्याला जड नाही, कारण १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे. दुसऱ्यात घासाघीस चालत नाही. जिप्सीचं भाडं, प्रवेशाची फी, गाईडचे पैसे हे सगळं ठरलेलं असतं. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. गाडीचं भाडं गाडीमागे असतं, डोक्यामागे नाही. जिप्सीत सहाजणं बसतात. नवराबायको दोघंच गेलात तर सहांचा भार दोघांवर पडतो. सहाजणी मिळून गेलात तर तोच आकडा एखाद्या बऱ्या साडीच्या आत येतो. आमची भिशी नेमकी सहा जणींची निघाली, हा मी तरी शुभशकुनच मानला!

राहता राहिला मुक्काम. तेवढाच काय तो आपल्या हातातला खर्च, आणि नेमका तिथेच माणूस फसतो किंवा घाबरून बेतच सोडून देतो. मी स्वतः एका रिसॉर्टला फोन केला. एका खोलीत दोघी, म्हणजे तीन खोल्या. मुलगी फार गोड बोलली. तिने सांगितलेला आकडा मी कागदावर लिहिला आणि खाली रेघ मारली. एका रात्रीत आमची सहा महिन्यांची भिशी गडप होत होती आणि वर शनिवार-रविवारचा दर वेगळा! ज्यांना परवडतं त्यांनी जरूर राहावं. गरम पोळी ताटात येते, पोहायचा तलाव असतो. पण विचार करा, पहाटे पाचला उठून जंगलात जायचं, दुपारी जेवून डुलकी काढायची, पुन्हा जंगलात जायचं आणि रात्री धुळीने माखून अंथरुणावर पडायचं. यात पोहायला वेळ कुणाला आहे?

माझा एक भाचा नोकरीनिमित्त जोहान्सबर्गला असतो. दक्षिण आफ्रिका म्हणजे सिंह-हत्तींचा मुलूख. तो दरवर्षी बायकामुलांना घेऊन क्रूगर राष्ट्रीय उद्यानात जातो आणि मला फोटो पाठवतो. तिथल्या खाजगी लॉजचे दर त्याने एकदा सांगितले, तेव्हा मी फोनच बंद करणार होते. मी विचारलं, "अरे, मग तुझ्यासारखी संसारी माणसं तिकडे राहतात तरी कुठे?" त्यावर त्याने जे सांगितलं ते तुम्हालाही ऐकण्यासारखं वाटेल.

क्रूगर हे उद्यान म्हणून १९२६ साली स्थापन झालं आणि १९२७ मध्ये पर्यटकांच्या पहिल्या मोटारी आत गेल्या. विस्तार साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. आपला अख्खा यवतमाळ जिल्हा साडेतेरा हजारांचा, म्हणजे त्यांचं नुसतं जंगल आपल्या जिल्ह्यापेक्षा मोठं. जंगलाच्या आत स्कुकुझा, साटारा, लेटाबा अशा नावांचे मुक्कामाचे तळ आहेत. ते सरकारी उद्यान मंडळच चालवतं. भोवती कुंपण. तिथे कुंपणाच्या आत माणसं असतात आणि बाहेर जनावरं मोकळी! सूर्य मावळला की फाटक बंद. आत गवती छपराच्या गोल झोपड्या, त्यांना रोंडाव्हेल म्हणतात. काहींना स्वतंत्र न्हाणीघर, काहींना सामाईक. चूल, भांडी घासायची जागा, सगळं आहे. लोक आपापल्या मोटारीतून फिरतात आणि आपापला शिधा आणून रांधून खातात. माझी भाचेसून तिथल्या व्हरांड्यात मुगाची खिचडी करते आणि माकडं डबे पळवतील म्हणून राखण बसते. परदेशी पाहुण्यांपेक्षा त्या देशाच्या नागरिकांना प्रवेशाची फीही कमी. शाळेच्या सुट्टीतल्या खोल्या मात्र कितीतरी महिने आधी भरून जातात.

हे ऐकून वाटलं, की जंगल पाहणं ही श्रीमंतांचीच चैन होऊ नये याची खटपट तिकडे कुणीतरी केलीय. आपल्याकडेही नाही असं नाही हं. मेळघाटात सिपना नदीच्या काठी कोलकास आणि सेमाडोह इथे वनखात्याच्या राहण्याच्या सोयी आहेत. ताडोब्याच्या मोहर्लीला पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे. तिकडे जाणार असाल तर आधी या खोल्यांची चौकशी करा, खाजगीची मागून. पण टिपेश्वरची गोष्ट वेगळी. जंगल लहान, आपली मुक्कामाची सोय बाहेरच बघायची. आणि बाहेर म्हणजे कुठे? एक तर पांढरकवड्याच्या बाजारपेठेतलं लॉज, नाही तर फाटकाजवळच्या एखाद्या गावातलं शेतकऱ्याचं घर.

लॉज स्वस्त पडतं, खोटं नाही. पण पहाटे अंधारात फाटकावर पोचायला तिथून वेगळी गाडी करावी लागते आणि वाचवलेले पैसे तिथे जातात. शिवाय खालच्या मजल्यावर कोण उतरलंय, रात्री दार कोण ठोठावील, ही धाकधूक आपल्या बायकांना असतेच. आमच्यातल्या नर्सबाईंना सगळीकडची माहिती. त्यांच्या ओळखीतून फाटकाजवळच्या एका गावातली एक जागा कळली. शेतकऱ्याचं घर, मागच्या बाजूला पाहुण्यांसाठी एक लांबट खोली, सहा खाटा. रिसॉर्टच्या एका रात्रीच्या एका खोलीत आम्हा सहाजणींच्या दोन रात्री, चहा आणि दोन्ही वेळची जेवणं बसली. तुम्हीच हिशेब करा.

पैसे पाठवण्याआधी मी फोनवर अर्धा तास प्रश्न विचारले. तुम्हीही विचारा, संकोच करू नका. संडास-न्हाणीघर खोलीला लागून आहे की अंगण ओलांडून जावं लागतं? हा प्रश्न पहिला, कारण जंगलाच्या कडेला रात्री बायकांनी अंगणात उतरायची वेळ येता कामा नये. दाराला आतून कडी आहे का, खिडकीला गज आहेत का? वीज जाते तेव्हा दिवा कसला? मच्छरदाणी मिळेल की आपली न्यायची? पहाटे पाचला चहा कोण करणार? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, आपलं बुकिंग कुठल्या फाटकाचं आहे? टिपेश्वरला सुन्ना आणि माथनी अशी निरनिराळी फाटकं आहेत. खोली एका फाटकाशी आणि जिप्सी दुसऱ्या फाटकावर असं झालं तर पहाटेची धावपळ विचारू नका. बुकिंग आता मोबाइलवरून होतं. आमच्यातल्या एकीच्या मुलाने ते केलं. ज्या नावाने बुकिंग, त्याचं मूळ ओळखपत्र बरोबर लागतं. पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, जंगल बंद असतं आणि एरवीही आठवड्याची सुट्टी असते, ती विचारून घ्या.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी आम्ही पोचलो. घरची बाई पस्तिशीची असेल. नऊवारी नाही, साधी गोल साडी, पदर खोचलेला. आम्हाला पाणी देऊन तिने पहिली गोष्ट कुठली दाखवली असेल? न्हाणीघर! फरशी, नळ, आतून कडी. बचत गटाचं कर्ज काढून तिने ते बांधून घेतलं होतं. म्हणाली, "फोनवर तुमी त्येच पुसत होत्या ना बाई, पाहून घ्या." आम्ही सहाजणी ओशाळून हसलो, पण पाहूनही घेतलं.

जेवायला ज्वारीची भाकर, पातोडीची रस्साभाजी, जवसाची चटणी आणि वरून कच्चं तेल. कुणीतरी दुसऱ्याने रांधलेलं, गरम, ताटात वाढलेलं! आमच्या मास्तरीणबाईंनी चौथी भाकर मागितली आणि कुणीही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

रात्री दार लावून घेतल्यावर ती आमच्याजवळ येऊन बसली. तिचं माहेर राळेगाव तालुक्यातलं. तुम्हाला आठवत असेल, २०१६ ते २०१८ या काळात पांढरकवडा-राळेगावच्या रानात एका वाघिणीची दहशत होती. वनखात्याने तिला टी-१ म्हटलं, वर्तमानपत्रांनी अवनी. तेरा माणसांचे मृत्यू तिच्या नावावर मांडले गेले. २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री बोराटीच्या जंगलात तिला गोळी घातली आणि मग देशभर वाद माजला, कोर्टकचेऱ्या झाल्या. मुंबई-दिल्लीचे लोक वाघिणीसाठी रडले. त्यांचंही चुकलं म्हणवत नाही, दोन पिल्लं होती तिची. पण ही सांगत होती ते निराळंच. कापूस वेचायला एकटी बाई जायची नाही. दहाजणींनी मिळून जायचं, मोठमोठ्याने बोलत वेचायचं आणि उन्हं कलायच्या आत घरी. सांज पडल्यावर मूल अंगणात दिसलं तर आई त्याला मारायची. आणि आजही, इथे सासरी, वाघ काही गेलेला नाही. कृषिपंपाला वीज रात्रीची मिळते, तेव्हा नवरा बॅटरी घेऊन ओलिताला जातो आणि ही तो परत येईस्तोवर जागी असते.

"तुमी पैशे देऊन वाघ पाह्याले येता बाई," ती म्हणाली, "आन् आमी टिपाईले हात जोडतो, माय, त्याले आमच्या वावरात नोको येऊ देऊ."

आम्ही कोणीच काही बोललो नाही. काय बोलणार? मग नर्सबाईंनीच विचारलं, "मग ही खोली का काढलीस गं?" ती म्हणाली, कापसाचा पैसा येतो तो घरधन्याच्या हातात, आणि तो कुठल्या देण्यात गेला ते कळत नाही. खोलीचा पैसा तिच्या हातात येतो. पहिल्या वर्षीच्या पैशातून तिने अंगणात दिवा बसवला, सूर्यावर चालणारा. दुसऱ्या वर्षी मुलीला पांढरकवड्याच्या शाळेत घातलं. वाघ जर शेजारी राहणारच असेल, तर त्याने चार पैसे तरी आपल्या घरात टाकावेत, असा तिचा रोखठोक हिशेब. मला तो पटला. माझ्या मते तरी खोली स्वस्त की महाग एवढंच पाहून भागत नाही, तो पैसा रात्री कुणाच्या घरात मुक्काम करतो तेही पाहावं.

आता वाघाचं. पहिल्या संध्याकाळी दिसला नाही. चितळांचे कळप, मोर, एक रोही आणि धूळ, एवढंच पदरात पडलं. गाईड गावचाच तरणा मुलगा. आमचा हिरमोड पाहून त्याने टिपेश्वरच्याच एका वाघाची गोष्ट सांगितली. २०१९ मध्ये त्या वाघाच्या गळ्यात रेडिओचा पट्टा होता. त्या जूनमध्ये तो इथून निघाला तो दिवसा नाल्यात-झुडपात पडून राहत आणि रात्री चालत, मराठवाड्याच्या आणि तेलंगणाच्या शिवारांतून, जवळजवळ तेराशे किलोमीटर हिंडून डिसेंबरात बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. लोकांनी त्याला 'वॉकर' म्हटलं. पोरगा हे असं सांगत होता, जसं काही घरातलंच कुणी नोकरीसाठी परगावी गेलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र एका वळणावर गाडी थांबली. उजव्या हाताच्या गवतातून वाघीण निघाली, आमच्याकडे ढुंकूनही न पाहता रस्ता ओलांडून सागात गेली. मिनिटभराचं काम. आमच्यातल्या दोघींच्या डोळ्यांना पाणी आलं, का ते त्यांनाही सांगता आलं नाही. आणि हो, आम्ही सहाजणी मिळून एक अक्षरही बोललो नाही. 'ह्यां'ना ते अजून खरं वाटत नाही.

जाणार असाल तर चार बारीकसारीक गोष्टी सांगून ठेवते. फेरी तीन-चार तासांची असते आणि मध्ये सोय मिळेलच याचा भरवसा धरू नका. पहाटेचा चहा अर्धा कप घ्या, उरलेला परत आल्यावर. हिवाळ्यात उघड्या गाडीत वारा असा लागतो की स्वेटरवर शाल आणि कानाला बांधायला रुमाल हवाच. सुती पातळापेक्षा सलवार-कमीज सोयीची, गाडीत चढायला पाय मोकळा राहतो. रंग मातकट किंवा हिरवा. लालभडक, पांढरंशुभ्र नको. अत्तर, सुगंधी पावडर, गजरा घरी ठेवा. एप्रिल-मे महिन्यात वाघ पाण्यावर हमखास दिसतो म्हणतात, पण आपल्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. जायचंच तर कैरीच्या पन्ह्याची बाटली आणि ओला दुपट्टा बरोबर असू द्या. घरच्या अंथरुणाच्या दोन चादरी न्या, म्हणजे कुठेही पाठ टेकताना मन कचरत नाही. खोलीचे पैसे घरच्या बाईच्या हातात द्या. आम्ही निघताना तेच केलं. तिने नोटा मोजल्या, कनवटीला लावल्या आणि मग जवसाच्या चटणीची पुडी प्रत्येकीच्या पिशवीत घातली. तिचे पैसे घेईना.

घरी आल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं, सांगायला दोन दुपारी लागल्या. वाघिणीची गोष्ट त्यांनी एकदाच ऐकली. त्या खोलीवाल्या बाईची मात्र तीनदा विचारली.

भिशी आता पुन्हा सुरू झालीय. या खेपेला सेमाडोहची चौकशी चाललीय. तिकडे टिपेश्वरच्या बाईंचा परवाच फोन आला होता. तिला दुसरी खोली काढायची आहे, पण नवरा म्हणतो पत्रे टाकू आणि ती म्हणते स्लॅब हवा. तिने आमचं मत विचारलं. आम्ही सहाच्या सहाजणींनी स्लॅबला मत दिलं आणि नवऱ्यासाठी निरोप दिला, की पत्रे टाकायचेच असतील तर आधी मे महिन्याची एक दुपार त्यांच्याखाली झोपून दाखवा.